नवगावला जायचा दिवस

जानेवारी उजाडला की सिनेगॉगच्या फळ्यावर मंडळाची सूचना लागायची: तू बिश्वातला, म्हणजे झाडांच्या नववर्षाच्या ज्यू सणाला, अलिबागजवळच्या खंडाळ्याला मलिदा, म्हणजे आभाराचा प्रसादविधी, वाटेत नवगाव आणि अलिबाग. मग भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच, पुढे एसटी. गणपतीत गावी निघालेल्या शेजाऱ्यांचा आम्हा बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू पोरांना हेवा वाटायचा. आमचा गावी जायचा दिवस हा.

नवगाव आम्हा सगळ्यांचंच मूळ. वाडवडील सांगत, इथे गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. किनाऱ्याला लागलेली प्रेतं इथेच पुरली, पुरुषांची एकीकडे, बायकांची दुसरीकडे. वाचलेले कोकणात पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. ज्या गावी राहिले त्या गावाचं आडनाव लागलं: रोहेकर, पेणकर, दिवेकर.

नवगावच्या त्या जुन्या कबरींवर नावं नाहीत. नावं वाचायची ती अलिबागच्या कबरस्तानात. आमच्या समाजाची मुंबईतली शाळा १८७५ सालची, हाईम सॅम्युएल केहिमकरांनी काढलेली. तिथल्या एक निवृत्त बाई दरवर्षी बरोबर असायच्या. त्या आमच्या हातात नारळाची किशी द्यायच्या. दगडावरचं शेवाळ घासायचं, तांब्याभर पाणी ओतायचं, अक्षरं उघडी पडली की ज्याच्या आडनावाचा दगड त्याने मोठ्याने वाचायचं. वर हिब्रू, खाली मराठी. हिब्रूत अडखळलं तर बाई सावरून घेत. मराठीत मात्र एकही अक्षर गाळलेलं त्यांना चालत नसे. मी इतिहास शिकले तो तिथेच, असं मला मनापासून वाटतं.

कद्दीश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. १९४८ नंतर घरंच्या घरं इस्राएलला गेली आणि गावोगाव दहा जण जमेनासे झाले. सहलीच्या दिवशी ती अडचण नसायची, म्हणून गावात उरलेले म्हातारे आमची वाट बघत असत.

दुपारी खंडाळ्याला, एलियाहू हन्नबीच्या टापाशी, म्हणजे प्रेषित एलियाच्या घोड्याच्या टापेची खूण मानतात त्या खडकापाशी. मलिद्याच्या ताटात भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळांच्या फोडी. ताटाभोवती सगळे ‘एलियाहू हन्नबी’ हे गीत म्हणायला लागले की सर्वांत वरचा आवाज माझ्या आजीचा.

बाई आता नाहीत आणि दगडांवरची अक्षरं झिजत चालली आहेत. मंडळाने त्यावरचा मजकूर आत्ताच उतरवून घ्यायला हवा. यंदा मी वही घेऊन जाणार आहे. ज्यांना वाचता येतं त्यांनी बरोबर यावं.