गंजाचा रंग धुतल्यावर जातो का?

मी गंजानं रंगवलेली ओढणी कुणी हातात घेतली की पहिला प्रश्न ठरलेला: "धुतल्यावर हे जातं का हो?" परवा शेजारच्या काकूंनीही तेच विचारलं. म्हणून एकदा नीटच सांगते.

आमचं घर सांगलीत, गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात शिरली. पाणी ओसरल्यावर लोखंडी ट्रंक उघडली, तर सासूबाईंनी जपलेला पांढरा पलंगपोस तांबडालाल. त्या दोन दिवस लिंबू-मीठ चोळत बसल्या. मी मात्र एका कोपऱ्याकडे बघत राहिले. ट्रंकेच्या बिजागरीचा ठसा उमटला होता, मधली दांडी नि रिवेटची टोकं सगळं जिथल्या तिथं. तो कोपरा मी कापूनच घेतला. बोलणी खाल्ली, अर्थात.

तेव्हापासून हा नाद. भंगारवाल्याकडून बैलाच्या नाला, वॉशर, मोडकं खुरपं असं किलोवर आणते. "ताई, चांगला माल हाय की, ह्यो कशाला?" असं तो अजून विचारतो.

कापड सुती किंवा रेशमी हवं, पॉलिस्टर ऐकत नाही. कोऱ्या मांजरपाटाची खळ आधी साबणाच्या पाण्यात उकळून काढायची. मग निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर यात कापड भिजवून पिळायचं, लोखंडाभोवती गुंडाळून सुतळीनं आवळायचं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचं. पिशवीचं तोंड गच्च बांधू नका, हवा लागते. व्हिनेगरात लोखंड थोडं विरघळतं, धाग्यात शिरतं आणि हवेनं तिथंच पुन्हा गंज होऊन बसतं. एप्रिलमध्ये कापड दुपारपर्यंतच सुकतं, तेव्हा मधूनमधून पाणी शिंपडावं लागतं. घरभर लोणच्याच्या बरणीसारखा वास. दुसऱ्या दिवशी सोडून खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, मग साबणानं धुवायचं. हातमोजे घाला, आणि यातलं एकही भांडं परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

काळा हवा असेल तर कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढायचं. त्यावर लोखंड आलं की तांबडा राहतच नाही, करडा-काळा उतरतो. "सांगलीत राहून हळद का नाही वापरत?" असंही विचारतात. हळदीचा रंग देखणा, पण चार उन्हं लागली की उडाला.

गंजाचं तसं नाही. साबणाला तो दाद देत नाही. रंग जात नाही हो, कापड जातं. हे मात्र कुणी विचारत नाही. धाग्यातलं लोखंड सुताला हळूहळू कमकुवत करतं. माझी पहिली ओढणी गडद यावी म्हणून मी चार दिवस बांधून ठेवली होती. रंग काय सुरेख आला! सहा महिन्यांत खिळ्याच्या डोक्याएवढी भोकं पडली, कातरीनं कापल्यासारखी. आता एका दिवसावर ठेवत नाही, आणि कुणी आजीची साडी घेऊन आलं तर सरळ परत पाठवते.

पलंगपोसाचा तो कोपरा अजून भिंतीवर आहे. परवा धूळ झटकताना पाहिलं, रिवेटच्या दोन ठशांतून भिंतीचा चुना दिसायला लागलाय.