मिटलेली मूठ

आज बहिणीच्या नऊ दिवसांच्या मुलीच्या तळहातावर मी बोट टेकवले आणि तिने डोळेही न उघडता ते इतके घट्ट धरले की मला ते सोडवून घ्यावेसे वाटेना. ही पकड तिला कोणी शिकवलेली नाही. ती जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया असून साधारण ५ ते ६ महिन्यांत मावळते. माकडांची पिल्ले आईच्या अंगावरचे केस असेच धरून राहतात, आणि झाडावर ती पकड सुटणे म्हणजे थेट जिवावर बेतणे. आपल्या पूर्वजांच्या अंगावरचे दाट केस केव्हाच विरळ झाले, तरी मूठ अजून मिटते. ती त्या काळाचा अवशेष असावी, असे अनेक जीवशास्त्रज्ञ मानतात आणि मलाही ते पटते. प्राणिवर्तनाचे अभ्यासक निको टिंबर्गन यांनी १९६३ मध्ये मांडले की कोणतेही वर्तन समजून घेताना ते कशामुळे घडते, आयुष्यात कसे घडत जाते, जगण्यास कसे उपयोगी पडते आणि उत्क्रांतीत कुठून आले, हे चारही प्रश्न विचारावेत. चौथ्या प्रश्नापाशी मी आज बराच वेळ थांबलो. तोवर तिला गाढ झोप लागली होती आणि बोटे हळूहळू सैल पडली होती.