आपलं आभाय काय वाईट हाय?

दुर्बीण इतक्या दूर लडाखला का, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. यवतमाळकडे गावी गेलो की मोठे काकाही हटकून हेच विचारतात, ‘‘काऊन गा, थे दुर्बीण लडाखले काऊन नेली? आपलं आभाय काय वाईट हाय?’’

मी बंगळुरूजवळ होसकोट्याला भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या केंद्रात काम करतो. २ मीटर आरशाची आमची हिमालयन चंद्र दुर्बीण (यातला ‘चंद्र’ म्हणजे खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखर) लडाखमध्ये हॅनलेला, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे. उपग्रहामार्फत आम्ही ती इथे बसून चालवतो.

काकांना मी पावसाच्या मापानं सांगतो. डोक्यावरच्या हवेतली सगळी वाफ पिळून जमिनीवर ओतली, तर हॅनलेला थंडीत जेमतेम एक-दोन मिलिमीटर पाणी साचेल. आपल्याकडे ऐन श्रावणात पन्नासच्या वर. ही वाफ अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण पिऊन टाकते, आणि तारे जिथे जन्मतात त्या धुळीच्या ढगांतून हेच किरण बाहेर निसटतात. शिवाय चैत्र-वैशाखात काळी जमीन तापली की धुऱ्यावरचं झाड थरथरताना दिसतं ना, तशी हवा रात्रीही हलत असते. आपण म्हणतो चांदणी लुकलुकली. दुर्बिणीत तिचा ठिपका फिसकटतो.

आभाळ वाईट नाही, ओलं आहे. त्याच ओलीवर आपली कपाशी उभी राहते.

ती ओल दगा देते तेव्हा काय होतं, हे १८७६-७८ च्या दुष्काळानं दाखवलं. दक्षिणेत लाखो माणसं गेली. पाऊस का चुकतो याचं उत्तर कदाचित सूर्याकडे मिळेल, या आशेतून पुढे १८९९ मध्ये कोडाईकनालची सौर वेधशाळा उभी राहिली. पावसाचं कोडं काही सूर्यावरच्या डागांनी सुटलं नाही. पण सूर्याच्या छायाचित्रांचा शंभरहून अधिक वर्षांचा साठा तिथे जमला, आणि आज ती वेधशाळा आमच्याच संस्थेची आहे. कोरडवाहू शेतकऱ्याचा प्रश्न तिच्या पायाभरणीत आहे, हे मला फार जवळचं वाटतं.

गेल्या पौषात काकांसोबत हरभऱ्याच्या जागलीला मचाणावर होतो. रानडुकरांसाठी डबा वाजवून झाला होता. मध्यरात्रीनंतर ईशान्येला सप्तर्षींची चार ताऱ्यांची खाट बरीच वर आली होती, तिच्यामागे तीन चोर, म्हणजे शेपटीचे तीन तारे.

‘‘मधल्या चोराजवळ बारीक चांदणी दिसते का?’’ काकांनी विचारलं.

मधला चोर म्हणजे वसिष्ठ, त्याच्याजवळची ती अरुंधती. स्वच्छ दिसत होती.