तुम्ही विचारलंत म्हणून : बारावीनंतर कशाला स्कोप आहे?

बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न मला रोज येतो. अशोक चौकात भाजी घेताना येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, रात्री उशिरा फोनवर येतो. "मॅडम, पोराला सायन्सला बरे मार्क पडलेत, आता कशाला स्कोप आहे सांगा की." सोलापुरात मी अकरावी-बारावीला शिकवते आणि मुलांच्या पुढच्या शिक्षणाचं बघते, म्हणून लोक हक्कानं विचारतात. विचारावंच. फक्त उत्तर देण्याआधी मी एक विचारते : या मुलाचा पहिला पगार घरात कधीपर्यंत यायला हवा?

काही पालकांना हे लागतं. मॅडमनी आपली परिस्थिती काढली, असं वाटतं. पण वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर, आई घरी विड्या वळणारी, मागे दोन भावंडं शाळेत, अशा घरासाठी यापेक्षा महत्त्वाची गोष्ट मला दिसत नाही. एमबीबीएस म्हटलं की इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. इंजिनिअरिंगची चार. तेवढं घर थांबू शकतं का, याचा विचार न करता घेतलेला प्रवेश दुसऱ्या वर्षी सुटतो, आणि सुटलेल्या मुलाला वाटत राहतं की आपल्यालाच जमलं नाही. थांबायची मुदत एकदा उघड बोलली गेली, की तेवढ्या मुदतीत बसणारा रस्ता शोधता येतो, आणि तो पुढे लांबवताही येतो.

लांबवता येतो, हे बहुतेकांना माहीतच नसतं. बारावी सायन्स झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. दोन वर्षांत डिप्लोमा हातात. मग नोकरी धरा, किंवा इंजिनिअरिंगच्या डिग्रीला पुन्हा थेट दुसऱ्या वर्षात जा. सरळ गेलेल्या मुलापेक्षा एकच वर्ष जास्त लागलं, आणि मध्ये घर अडलं तर उभं राहायला जागा होती. आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यालाही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाचं दार उघडं असतं. मुलीला दवाखान्यातलं काम आवडत असेल, तर तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून ती कमवायला लागते आणि पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी ही नर्सिंगची डिग्री करते. कॉमर्सच्या मुलांना मी सीएच्या फाउंडेशनबद्दल, म्हणजे पहिल्या परीक्षेबद्दल, आवर्जून सांगते. ते अवघड आहे, निकाल कडक लागतो. पण आर्टिकलशिपची, म्हणजे सीएच्या हाताखाली काम शिकण्याची, दोन वर्षं स्टायपेंड मिळतो, आणि शिकता शिकता घरी थोडे पैसे देता येणं हे अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या मनाला किती बळ देतं, ते मी पाहिलेलं आहे.

मेडिकलची प्रवेश परीक्षा, नीट, रिपीट करण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. एकदा करावं, पण तेही "नाही लागला नंबर तर काय" हे ठरवून. दुसऱ्यांदा करायला मी विरोध करते, आणि त्यावरून पालकांशी वादही घालते. बीफार्म, नर्सिंग, बीएस्सी ॲग्री यांना दुय्यम समजून मूल दोन वर्षं खोलीत बसतं आणि मग त्याच कोर्सला येतं, तेव्हा ते थकलेलं असतं.

आता पैशाचं. पैसे नाहीत म्हणून जितकी मुलं अडतात, तितकीच कागद नाहीत म्हणून अडतात. व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतलेल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर ही सवलत नाही. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती आहे, मेडिकल-इंजिनिअरिंगसारख्या कोर्सला वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत. तिला आईचं विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं. हे कार्ड पत्र्याच्या पेटीत तळाशी असतं, किंवा त्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं असतं. सोलापूरसारख्या गावात, जिथे गल्लीगल्लीत हजार विड्यांचा हिशेब चालतो, ही शिष्यवृत्ती बारावीच्या प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहिलेली असावी असं मला वाटतं.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती जात पडताळणी. सोलापूरच्या पूर्व भागातली किती तरी कुटुंबं दोन-तीन पिढ्यांपूर्वी तेलंगणातून मिलच्या कामाला आली. ओबीसीसाठी जातीचा आणि महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. मग आजोबांची शाळा शोधा, तिथल्या रजिस्टरमधली नोंद काढा, आडनावाचं स्पेलिंग जुळवा. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर चुलत आजोबांचा दाखला बघा. हे काम जूनमध्ये चार दिवसांत होत नाही. बारावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करता येतो, आणि तो त्या वेळीच करावा. नॉन क्रिमीलेअर दाखल्याची मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंत आहे ना, हेही तेव्हाच बघून ठेवावं.

अजून एक गोष्ट, जी फक्त आपल्याच गावात इतकी ठळक असावी. आमच्या कित्येक मुलांच्या घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलतात. आई-वडील मला भेटायला येतात तेव्हा आमच्यामधला दुभाषी ते मूलच असतं. मी म्हणते, "हिला ॲग्रीला पाठवा, हिला झाडांची आवड आहे", आणि मुलगी अम्माला काय सांगते ते मला कळत नाही. भिडेखातर ती स्वतःची आवड गाळून सांगत असेल, नाही तर वडिलांचा नकार मला मऊ करून सांगत असेल. म्हणून मी सोबत एखादी अक्का, मामा, शेजारच्या काकू, कुणीतरी तिसरं माणूस घेऊन यायला सांगते. घरचं खरं म्हणणं त्या माणसाच्या तोंडून समजतं.

आणि आवड म्हणाल, तर ती मुलांना घराच्या आसपासच दिसत असते, पण तिला शिक्षण म्हणतात हे कुणी सांगितलेलं नसतं. जकार्डच्या चादरीवरची नक्षी बघत वाढलेल्या मुलाला टेक्स्टाइल इंजिनिअरिंग हा कोर्स आहे, तो इचलकरंजीला डीकेटीईत आणि मुंबईला व्हीजेटीआयमध्ये शिकवतात, हे बारावीपर्यंत ठाऊक नसतं. बाप म्हणतो, "मागाच्या आवाजातून पोरगं बाहेर पडावं म्हणून शिकवतोय, अन् तुम्ही परत तिकडंच ढकलताय." त्यांचं दुखणं मला समजतं. मी एवढंच म्हणते की माग चालवणं वेगळं आणि कापड डिझाइन करणं, त्याची गुणवत्ता तपासणं, परदेशी गिऱ्हाइकाशी बोलणं वेगळं. सांगोल्याकडच्या, डाळिंब लावणाऱ्या बापालाही हेच सांगावं लागतं. "शेतीच करायची तर शिकायचं कशाला?" असं ते विचारतात, आणि इकडे केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून उभं आहे.

पुण्याला पाठवू का, हाही प्रश्न ठरलेला. पुण्यात जे मिळतं ते इथे नसेल, तर जरूर पाठवा. वालचंदसारखं इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ पासून इथे आहे, वैशंपायन मेडिकल १९६३ पासून आहे, विद्यापीठ २००४ पासून आहे. तीच शाखा तशाच कॉलेजात घ्यायला पुण्याला जायचं असेल, तर फी माफ झाली तरी खोली आणि मेस माफ होत नाही, हे धरून चला. शासकीय वसतिगृह, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार, यातलं काय लागू होतं ते आधी बघा आणि मगच पुण्याच्या हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढा.

तर स्कोपचं विचारायला जूनमध्ये येऊ नका. मूल बारावीत असताना दिवाळीच्या सुट्टीत या. येताना वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आईचं कार्ड असेल तर ते, आणि घरी बसून मोकळेपणानं ठरवलेला एक आकडा घेऊन या : किती वर्षं थांबता येईल. मुलाला काय आवडतं ते मी त्याच्याकडूनच विचारून घेईन, तेवढा वेळ तुम्ही बाहेर बसा.