तुम्ही विचारलंत म्हणून: पत्रा कुठला आणि किती जाड?

"लेसरनं जाळी कापायची आहे, कुठला पत्रा लावू?" कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या आमच्या शेडमध्ये हा प्रश्न रोजचाच. गंमत म्हणजे विचारणाऱ्याकडे उत्तर तयार असतं. "जाडच लावा की, एकदाच करायचंय."

मी आधी उलट विचारतो. वस्तू पावसात राहणार की घरात? आपल्याकडे जूनला लागलेला पाऊस सप्टेंबरपर्यंत हलत नाही, गगनबावड्याकडे तर विचारूच नका. त्यामुळे धातू कुठला, हे निम्मं पावसानंच ठरवलेलं असतं. घरातल्या पार्टिशनला सीआरचा (थंड लाटलेला) साधा एमएस पत्रा, म्हणजे साधं लोखंड, आणि वर पावडर कोटिंग, म्हणजे भाजून पक्का केलेला रंग, एवढं पुरतं. बाहेर कायमचं भिजणार असेल तर एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील, त्यातला 304 नंबरचा प्रकार. घाट उतरून मालवणला समुद्रकाठी लावणार असाल तर 316, कारण खाऱ्या वाऱ्यापुढे 304 वरही डाग येतात.

हे 304 प्रकरण मला महागात पडलंय. काही वर्षांपूर्वी एका घराची पाटी करायला घेतली. पत्रा 304 म्हणून आला, मी चुंबक लावून बघितलं, चिकटलं नाही, खूश झालो. पहिल्याच पावसाळ्यात पाटीवर चहा शिंपडल्यासारखे तांबूस ठिपके. पत्रा 202 निघाला, म्हणजे स्टेनलेसचाच दुसरा प्रकार. त्यात निकेल कमी, मँगनीज जास्त, आणि चुंबक त्यालाही चिकटत नाही. म्हणजे मी केलेली परीक्षा परीक्षाच नव्हती. पाटी पदरच्या पैशानं बदलून दिली. आता शंका आली की तुकडा घेऊन ओळखीच्या फौंड्रीत जातो आणि स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय-काय किती आहे ते दाखवणाऱ्या यंत्रावर, बघून घेतो. कोल्हापुरात फौंड्रीवाला ओळखीचा नसेल तर तुमचंच काहीतरी चुकतंय.

एमएस बाहेर वापरायचंच असेल तर कडेकडे बघा. लेसरसोबत ऑक्सिजन वायू सोडून कापलं की कडेला काळसर ऑक्साइडची पातळ साल बसते. कोटिंग त्या सालीवर बसतं, लोखंडावर नाही. वर्षभरानं कडेला नख घाला, रंग फितीसारखा सुटून हातात येतो. आणि जाळी म्हणजे सगळी कडाच की हो! म्हणून नायट्रोजनवर कापून घ्या, नाहीतर कोटिंगच्या आधी कडा घासून घ्या. दर थोडा चढेल. चढू दे.

ॲल्युमिनियम हलकं, गंजत नाही, पण त्याच जाडीच्या लोखंडाच्या मानानं ताठपणा साधारण एक तृतीयांश. देवघरासाठी पितळ हवं असेल तर आधी मशीन कुठलं ते विचारा. पितळ-तांबं उजेड परत फेकतं, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणाऱ्या जुन्या सीओटू लेसरवर ते नको, फायबर लेसर हवा.

आता जाडी. एक काका गेटसाठी सहा बाय तीन फुटांची जाळी घेऊन आले. "पाच एमएम लावा, हलता कामा नये." मी कागदावर मांडून दाखवलं. लोखंडाचा 1 मिमी जाडीचा एक चौरस मीटर पत्रा 7.85 किलो भरतो. त्यांचा पत्रा कापायच्या आधी 65 किलोच्या वर. बिजागरीनं काय करायचं? वर नक्षीत दोन-दोन मिमीच्या कुयऱ्यांची भोकं. भोक पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान केलं की धातू तापून वितळतो, भोकाचा आकार बिघडतो. शेवटी 2 मिमी घेतला, चारही कडा इंचभर वळवल्या. वजन 30 किलोच्या आसपास. काकांनी गेट दोन्ही हातांनी हलवून बघितलं आणि काही न बोलता ॲडव्हान्स काढला.

जाडी दुप्पट केली की वजन दुप्पट होतं, पण सपाट पत्र्याचा ताठपणा आठपट. म्हणून 1.6 वरून 2 वर गेलात तरी ताठपणा जवळपास दुप्पट होतो. पण कड वळवून जे मिळतं ते नुसत्या जाडीनं मिळवायला गेलात तर खिसा फाटेल.

एक सांगतो, फोनवर गेज, म्हणजे पत्र्याच्या जाडीचा नंबर, सांगू नका. 16 गेज म्हणजे 1.6 मिमी, हा निव्वळ योगायोग आहे. त्यावरून लोक 18 गेज म्हणजे 1.8 समजतात. तो असतो 1.2, आणि 20 गेज 0.9. आकडा वाढला की पत्रा पातळ. मिलीमीटरच सांगा, आणि खाचेत खाच बसवायची असेल तर आलेला पत्रा व्हर्नियरनं मोजून मग ड्रॉइंग करा. कोटिंगचा थरही धरा.

राहिली अक्षरं. देवनागरीला शिरोरेषा आहे हे आमच्या धंद्यावर उपकारच. अख्खा शब्द रेषेला टांगून एक तुकडा निघतो, इंग्रजीसारखं अक्षर-अक्षर चिकटवत बसावं लागत नाही. पण पत्र्यातून अक्षरं आरपार कापायची असतील तर 'ब'चं आणि 'व'चं पोट गळून पडतं, तिथे बारीक पूल ठेवावा लागतो. आणि शब्द सुटा कापून काढायचा असेल तर अनुस्वार! 'शांताई' नावाची पाटी 3 मिमीत कापली, पुसली, पॅक केली, घरी पोचली. संध्याकाळी फोन. "अहो, आमची शाताई झालीय." टिंब मशीनखालच्या ट्रेमध्ये, भुशाभंगारात. टॉर्च लावून अर्धा तास शोधलं. तेव्हापासून मराठी पाटीची फाइल आली की आमचा पोरगा आधी टिंबं मोजतो.