अख्खा देश म्हणजे एकच माणूस?

मीम बघायचं, हसायचं, पुढे पाठवायचं, त्यात कसलं राजकारण असं आमच्या ग्रुपवर सगळे म्हणतात, पण मला हे अजिबात पटत नाही. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला ना, त्याच दिवशी युक्रेनच्या अधिकृत ट्विटर अकाउंटवर एक व्यंगचित्र आलं, हिटलर पुतिनचा गाल कुरवाळतोय, आणि खाली लिहिलेलं की हे मीम नाही, आमचं नि तुमचं आत्ताचं वास्तव आहे. झालं. समोर हिटलरच उभा केल्यावर वाटाघाटी, मधला मार्ग वगैरे बोलायची सोयच उरत नाही. हल्ला रशियानेच केला, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते चित्र बाकीचंही ठरवून टाकतं.

मग युक्रेनच्या बाजूचं ते दुसरं मीम, सेंट जॅव्हलिन, म्हणजे आपल्या सायबिणीसारखी, मेरीसारखी माता आणि हातात जॅव्हलिन हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र. गोव्यात वाढलेल्या माणसाला ते चित्र काय करतं वेगळं सांगायला नको, शस्त्र एकदम पवित्रच होतं. त्याचे स्टिकर विकून लाखो डॉलर मदत जमली, तीही खरीच.

भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफने आखाती युद्धाच्या वेळीच हे मांडलेलं, की आपण देशाला एक माणूस समजतो, मग एक खलनायक, एक बिचारा, एक सोडवणारा अशी गोष्ट आपोआप तयार होते आणि त्या देशात राहणारी खरी माणसं दिसेनाशी होतात. आमच्या मोरजीत दरवर्षी रशियन येतात, युक्रेनियनपण येतात. रशिया म्हणजे अस्वल असं मीम बघून बघून भाड्याने राहणाऱ्या पोरवाल्या बाईकडे पण लोक तसंच बघायला लागतात, आणि मला त्याचा राग येतो.

आपल्यावर पण हे झालंय की. नेहरूंनी गोव्याला भारताच्या चेहऱ्यावरची पुटकुळी म्हटलेलं. पुटकुळी म्हणजे क्षुल्लक, आज ना उद्या आपोआप जाणारी. इकडे 15 ऑगस्ट 1955 ला पत्रादेवीला पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, कितीतरी जण आग्वादच्या तुरुंगात होते, आणि मुक्ती यायला 19 डिसेंबर 1961 उजाडला.

त्या काळातली व्यंगचित्रं कुणाच्या घरी असतील, मराठी पेपरातली किंवा पोर्तुगीज बाजूची, तर फोटो काढून पाठवा प्लीज, गोवा नेमका कशाच्या रूपात काढलाय ते मला बघायचंय.