किल्लारीत एक दिवस

आज ३० सप्टेंबर. मावशीसोबत किल्लारीला जाऊन आलो. १९९३ साली याच तारखेला, अनंत चतुर्दशीचे गणपती विसर्जन आटोपून लातूर-उस्मानाबादची गावे नुकतीच निजली असताना, पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली आणि हजारो माणसे झोपेतच गेली. ऊन-थंडी अडवण्यासाठी बांधलेल्या दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि त्यांवरील माळवदाचा मातीचा थर, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या भरवशावर माणसे निर्धास्त झोपली, तीच घरे त्यांच्या अंगावर कोसळली.

मावशी मला आधी जुन्या गावाच्या जागेवर घेऊन गेली. बाभळींमधून वाट काढत ती एका दगडांच्या ढिगाजवळ थांबली आणि म्हणाली, "हितं आपली चूल होती बघ." नंतर बराच वेळ ती काहीच बोलली नाही.

भूकंपानंतर कित्येक महिने ती पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. उन्हाळ्यात तिथे अंग भाजून निघे, पण डोक्यावर दगड नाही याचेच समाधान वाटे, असे ती सांगते. पुढे पुनर्वसनात पक्के घर मिळाले, रुंद रस्तेही आले. (आराखड्यात हे सारे देखणेच दिसले असणार.) मात्र जुन्या गल्लीत ओट्यावरून हाक मारली की शेजारीण यायची, ती नव्या गावात चार रस्ते पलीकडे गेली, ही तिची तक्रार अजून मिटलेली नाही.

परतताना तिने त्याच शेजारणीच्या दारात गाडी थांबवायला लावली. दोघी अंगणातच बसल्या, आणि चहा दोनदा झाला.